जावयाचा निवाडा

सर एव्हरार्ड कोलविक म्हणजे आमच्या मुलखातलं बडं प्रस्थ. बॅरोनेटची पदवी वडिलांकडून आलेली, फक्त मुलग्याकडेच जाणारी. तरुणपणी हॉलंडात लढून आले, एक कान तिथेच ठेवून. त्यांची बायको बाळंतपणात गेली आणि लेक लेटिस माझ्या दुधावर वाढली. दुसरं मूल नव्हतं.

लेटिसने जर्व्हेस होमशी लग्न केलं. शांत माणूस, पेअरची कलमं बांधण्यात रमणारा. जेवताना सर एव्हरार्ड, म्हणजे आमचे सरकार, त्याला डिवचायचे, "काय जावईबापू, घोड्यावर तुम्ही बसता, की घोडाच तुम्हाला हिंडवून आणतो?"

"घोड्याला विचारतो, सरकार. आमच्यात हुशार तोच आहे."

सगळ्यात मोठ्याने सरकारच हसायचे.

मग राजाची आणि पार्लमेंटची लढाई जुंपली. सरकारांनी राजासाठी फौज उभी केली आणि पुलाजवळची गढी जावयाच्या हाती दिली. लेटिसला दिवस गेलेले, तरी ती नवऱ्याजवळच राहिली. तिच्यासाठी मीही.

मार्चमध्ये पार्लमेंटवाल्यांनी वेढा घातला. तोफेने स्वयंपाकघराची भिंत पाडली, त्याच सकाळी लेटिसला कळा सुरू झाल्या. मूल आडवं आलेलं. संध्याकाळपर्यंत ती ओरडायचीही थांबली.

जर्व्हेस दारात आला. "ॲगाथा, वाचेल का ती?"

"माझ्या हातून नाही. त्यांच्या छावणीत सर्जन आहे म्हणतात."

सर्जन द्या आणि आतल्यांना जाऊ द्या, या अटीवर त्याने शत्रूला गढीचा दरवाजा उघडला. सर्जन आला. लेटिस वाचली, मूल गेलं. शत्रूने शब्द पाळून सगळ्यांना जाऊ दिलं.

"हॉलंडला निघून जा," लेटिस अंथरुणातून विनवत होती.

"चोरासारखा? राजाच्या छावणीत तुझे बाबाच आहेत. खरं काय ते सांगतो."

तो गेला आणि गढी शत्रूला दिल्याबद्दल लष्करी न्यायसभेपुढे उभा राहिला. पंचांमध्ये दोन तट पडले. शेवटचा शब्द सरकारांचा होता.

लेटिसला मी गाडीत निजवून नेलं. ती बापाचे गुडघे धरून म्हणाली, "बाबा, त्याने माझ्यासाठी केलं हो."

"उद्या प्रत्येक किल्लेदार बायकोचं नाव पुढे करेल. जावयाला सोडलं, तर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने मारू?"

"बाकीच्यांनाही मारू नका."

सरकार खिडकीकडे वळले. दुसऱ्या दिवशी जर्व्हेसला चर्चच्या कुंपणाशी उभं करून गोळ्या घातल्या.

वर्षभरात राजाची बाजू कोसळली. पार्लमेंटची फौज आमच्या फाटकाशी आली, तेव्हा सरकारांकडे बंदुकीची दारू नव्हती, शिपाई पळालेले. एकही गोळी न झाडता त्यांनी किल्ल्या दिल्या.

लेटिस जिन्यात उभी होती. "बाबा, आता तुमचा निवाडा कोण करणार?"

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. घर एकच, टेबल एकच. ती त्यांना मटण वाढायची, बिअर ओतायची आणि निघून जायची. शेवटच्या आजारात ते मला विचारायचे, "ती काही म्हणाली का गं?"

"नाही, सरकार."

ते भिंतीकडे तोंड करून पडायचे.

ते गेले, पदवीही त्यांच्यासोबत संपली. डोळे लेटिसनेच मिटवले. मग तिथेच खाली जमिनीवर बसली.

"ॲगाथा, मला वाटायचं, हे गेले की छातीवरचं ओझं उतरेल."

मी तिचा हात धरला.

"तसंच आहे गं," ती म्हणाली.