भरल्या चाकावरचा सराव

टायर फुटला तेव्हा मामा संडासात होते. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर; ती चालू असताना कोणी संडासला जायचं नाही, हा नियम मामांचाच. पण नियम करणाऱ्यालाही पोट असतं.

धडाम असा आवाज झाला, गाडीचं मागचं डावं अंग खाली बसलं, आणि भाचीने जीव मुठीत धरून ती कशीबशी कडेला घेतली. कड चढावर होती आणि सगळी खडीची. मागे थोड्याच अंतरावर पुलाचा कठडा संपत होता. कठडा संपला की सरळ नाला, कोरडा आणि चांगला खोल. भाचीने हातब्रेक ओढला, खाली उडी मारली आणि पुढच्या चाकांमागे लाकडी पाचरी ठोकल्या. तेवढ्यात बाजूने एक ट्रक गेला. गाडी डुलली, खडी करकरली आणि पाचरींसकट सगळं बिऱ्हाड बोटभर मागे सरकलं.

"मामा, बाहेर या. आत्ताच्या आत्ता!"

"आलोच असतो," आतून आवाज आला, "पण दार उघडत नाहीये."

ते खरंच उघडत नव्हतं. एक कोपरा बसल्यामुळे गाडीचा सांगाडाच पिळला होता, आणि संडासाचं दार चौकटीत घट्ट रुतलं होतं. मामीने खांदा लावला, भाचीने लावला. दार ढिम्म. वरची खिडकी मांजराच्या बेताची होती, आणि मामांचा बेत वेगळा होता.

"लाथ घालू का?" मामीने विचारलं.

"खबरदार! आतल्या फरश्या तडकतील," मामा गरजले. मामा फरशी बसवायचं काम करत. गाडीतल्या संडासालाही त्यांनी खरीखुरी फरशी बसवली होती, कारण प्लास्टिकवर बसून त्यांना मोकळं वाटत नसे.

"फरश्यांचं राहू द्या. लाथेने गाडी सरकेल," भाची म्हणाली.

फोनला रेंज नव्हती. मामीने रस्त्यात उभं राहून पुढच्या ट्रकवाल्याला दोन्ही हात केले. त्यानेही मोठ्या आपुलकीने हात केला आणि निघून गेला. त्याच्या वाऱ्याने गाडी आणखी अर्धं बोट मागे आली.

"चिमे, घाबरू नकोस," मामा आतून भाचीला म्हणाले. "हत्यारं आपण पारखून घेतलीत."

तेही खरं होतं. वाटेत कुठल्याही मेकॅनिकचं तोंड बघायचं नाही, असा मामांचा पण होता. म्हणून त्यांनी दुकानात जाऊन एकेक हत्यार असं पारखलं होतं की दुकानदाराला ती दाखवायला बसवलेल्या पोटच्या पोरीसारखी वाटायला लागली. लांब दांड्याचा पाना घेतला. गाडीचं वजन पेलून वर उरेल असा, बाटलीसारखा उभा जॅक घेतला. मग गोदामात, मामांनीच बसवलेल्या फरशीवर, लेव्हलच्या पट्टीतला बुडबुडा बरोबर मधोमध आणून चाक बदलायचा सराव केला. "चाकातली हवा सोडायची का?" असं भाचीने तेव्हा विचारलं होतं. "बसलेल्या टायरचे फरशीवर काळे डाग पडतात," मामा म्हणाले होते. थोडक्यात, पंक्चर काढायचा सराव तिघांनी पंक्चर न झालेल्या चाकावर केला होता, आणि तो उत्तम झाला होता.

भाची आता पोटावर पडून जॅक आत सरकवत होती. जॅक आक्सलच्या, म्हणजे दोन चाकांमधल्या दांड्याच्या, खाली जात नव्हता. गोदामात तो लोण्यातून सुरी जावी तसा गेला होता. पण तिथे चाकात हवा होती. इथे टायर चपटा होऊन आक्सल खाली आला होता, आणि जॅकचं डोकं चार बोटं जास्त उंच होतं.

"बसला का?" मामा.

"नाही."

"पेच पूर्ण खाली केलास का?"

"केला."

भाचीने जॅक बाहेर ओढला.

"तुझ्या छोट्या मोटारीतला जॅक आहे ना?" मामी म्हणाली. "निघताना मी टाकला होता, असू दे म्हणून."

तो अलगद आत गेला. भाचीने दांडा फिरवला. गाडी केसभर वर आली, आणि जॅकचे पाय फाकायला लागले. कुईं असा बारीक आवाज आला.

"कसला आवाज गं?" मामा.

"तुमच्या जागी मी असते तर विचारलं नसतं," मामी म्हणाली.

भाचीने दांडा उलटा फिरवला. छोटा जॅक बसत होता पण पेलत नव्हता; मोठा पेलत होता पण बसत नव्हता. तिने गाडीच्या पोटाखालून मागे पाहिलं. कठड्याचं टोक मघापेक्षा जवळ दिसत होतं.

"मामी, पलंगाच्या फळ्या काढा."

"झोपायचं कुठे मग?"

"आधी जगायचं बघू!"

मामीने गादी फेकली आणि जाडजूड फळ्या उपसून आणल्या. भाचीने बसलेल्या चाकापुढे त्यांची पायरी रचली. चाक वर चढलं की आक्सलही उंच येणार, आणि खाली मोठ्या जॅकला जागा होणार. फक्त त्यासाठी चढावर, पाचरींचा आधार सोडून गाडी हातभर पुढे न्यायची होती.

"आत्ता नट सैल कर," मामांनी हुकूम सोडला.

"सैल नटांवर गाडी चालवू? तुम्ही आत असताना?"

"मग नको करूस," मामा घाईघाईने म्हणाले.

मामी झाडूचा दांडा घेऊन पुढच्या चाकाशी उभी राहिली. गाडी जितकी पुढे जाईल तितकी तिने पाचर दांड्याने मागून ढकलायची. हात घालायचा नाही. भाची चालकाच्या जागेवर बसली. क्लच अर्धा सोडला, इंजिन घरघरलं, हातब्रेक उतरवला.

गाडी मागे आली.

"अगं बाई!" मामी ओरडली. पाचर खडीत रुतली, सरकली, पुन्हा रुतली. भाचीने पाय दाबला. फाटका टायर फट फट करत पहिल्या फळीवर चढला, मग दुसरीवर. आतून मामांच्या तोंडून जे निघालं ते देवाला उद्देशून होतं की गाडीला, ते कळलं नाही.

"थांब! लागली पाचर!"

भाचीने हातब्रेक ओढला आणि खाली उतरली.

आता मोठा जॅक गेला. त्याच्या बुडाखाली एक फळी घातली. पान्यावर उभं राहून, उड्या मारून नट सैल केले. मग ती दांडा मारत राहिली आणि गाडी वर येत गेली. सांगाड्यातला पीळ सुटला. आत खट्ट झालं, आणि संडासाचं दार आपोआप सताड उघडलं.

"सुटलो!" म्हणत मामा उठले. गाडी झुलली. जॅक तिरपा झाला.

"बसा!"

भाची मामांवर याआधी कधी ओरडली नव्हती. मामा बसले.

"चाक अधांतरी आहे, मामा. तुम्ही पाऊल टाकलंत की जॅक निसटेल. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

"अगं, पण दार उघडं आहे. गाडीचंही उघडं आहे. रस्त्यावरून सगळं..."

"दिसू द्या."

मामी मधे आडवी उभी राहिली, पण ती मामांच्या निम्मीही नव्हती. एक बस गेली. गाडी हलली, तिघांनीही डोळे मिटले, जॅक टिकला. बसच्या खिडकीतून एका बाईने मामांकडे पाहिलं. मामांनी, दुसरं काय करणार, मान लववली.

भाचीने फाटकं चाक ओढून काढलं, फळ्या उपसल्या, स्टेपनी ढकलून बसवली. एक नट हातातून निसटून उताराला लागला. मामीने तो पायाने अडवला. समोरासमोरचे नट आवळत भाची म्हणाली, "मामा, बोलत राहा. म्हणजे हलला नाहीत ते कळेल."

"काय बोलू?"

"काहीही."

"जॅक मी निवडला," मामा सावकाश म्हणाले. "हवा सोडू नको, हेही मीच म्हणालो."

"दुसरं काही बोला."

तिने जॅकचा पेच सोडला. गाडी हळूहळू खाली आली आणि भरल्या चाकावर ठाम उभी राहिली. भाचीने सगळे नट पुन्हा एकदा अंग टाकून आवळले, पाचरी पाहिल्या, आणि मगच ती दाराशी आली.

"या आता."

मामा उठायला गेले आणि जागीच कोसळले.

"काय झालं?" भाची किंचाळली.

"पायांना मुंग्या आल्यात," मामा म्हणाले. "दोन्ही. अजिबात उभं राहवत नाही."

मग मामीने एक काख धरली, भाचीने दुसरी, आणि तिघं एकमेकांवर आदळत, शिव्या देत, खडीत उतरले. मामांनी भाचीचा हात सोडला नाही. पाय जागे झाल्यावरही बराच वेळ सोडला नाही.