मास्कमधून आलेले शब्द

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसू नये हेच बरं, पण एका माणसाने पाण्याखाली शिंक दिली आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या शहराच्या नळांना सर्दी झाली. तोटी उघडली की आधी फुर्र, मग शिंतोडे, मग कुठे पाणी. त्या माणसाने अख्खा चेहरा झाकणारा मास्क घातला होता म्हणून निभावलं. नुसता दातांत धरायचा माउथपीस असता, तर शिंकेसरशी बोगद्याचं दार उखडून तो थेट कुणाच्या तरी बादलीत येऊन पडला असता.

शिंकणारा अर्थातच ही गोष्ट सांगणारा म्हातारा स्वतः. पाणीखात्यात त्याला सगळे बुडबुडे म्हणत, आणि त्याला कारण होतं. धरणातून शहरात पाणी आणणारा जो लांबलचक बोगदा, त्यात उतरून भिंतींच्या भेगा तपासण्यात त्याचा जन्म गेला. तिथे साधी टाकी पाठीला लावून जाता येत नाही. सोडलेला श्वास बुडबुडे होऊन छताला लागतो, छताचा गाळ सुटतो आणि पाण्याचा चिखल होतो. म्हणून तिथे रिब्रीदर लागतो. आपलाच श्वास डब्यातल्या चुन्याच्या खड्यांतून गाळायचा, त्यात जरासा प्राणवायू मिसळायचा आणि पुन्हा ओढायचा. एकही बुडबुडा बाहेर पडत नाही. पाण्यात साठवलेले ते सगळे बुडबुडे म्हातारा जमिनीवर येऊन सोडतो, असं खात्यातले लोक म्हणायचे.

आज संध्याकाळी मात्र त्याच्या शिंकेच्या थापेला कुणी हसलं नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर खात्याने दिलेला नवाकोरा मास्क पडला होता. कडेला मऊ काळं रबर, पुढे रुंद काच, मागे कोळ्याच्या पायांसारखे पसरलेले पट्टे. टेबलापलीकडे नात बसली होती. प्रशिक्षण संपवून ती आजोबांच्याच खात्यात लागली होती आणि उद्या सकाळी पहिल्यांदा बोगद्यात उतरणार होती. तिची आई, म्हणजे म्हाताऱ्याची सून, त्यांच्याकडे पाठ करून ओट्याशी भांडी विसळत होती.

"मी हा घालणार नाहीये, आजोबा," नात म्हणाली. "माउथपीसच घेणार. साहेबांना विचारलंय मी. सक्ती नाही म्हणाले."

"साहेब कधी ओला तरी झालाय का? आंघोळ करतो की नाही याचीसुद्धा मला शंका आहे."

"विषय बदलू नका."

"अगं, मास्क म्हणजे राजेशाही थाट. मी आत बसून चहा प्यालोय. बाहेर पाणी, आत चहा, मध्ये फक्त काच."

"आजोबा."

"बरं, चहा राहू दे. पण गप्पा मारल्यात. माउथपीस दातांत धरला की माणसाने मिठाची गुळणीच धरली. मास्कमध्ये कसं, वर बसलेल्याशी घरच्यासारखं बोलता येतं."

"बोलायचंय काय तिथे? दोरीला झटका द्यायचा, वरच्याला कळतं." नातीने मास्क बोटाने दूर सारला. "आणि समजा, यंत्र बिघडलं. माउथपीस असला तर तो थुंकायचा, जादा टाकीचा तोंडात घालायचा, संपलं. यात अख्खं तोंड अडकलेलं. पट्टे सोडा, मास्क ओढा, डोळ्यांत पाणी, काही दिसत नाही. त्या धांदलीतच माणूस जातो." ती थांबली. "पप्पांचं तसंच झालं ना?"

ओट्यावरचा नळ बंद झाला.

म्हातारा मास्कचा एक पट्टा बोटाभोवती गुंडाळू लागला.

"पप्पांनी मास्क घातला होता," नात हळूच म्हणाली. "तुम्हीच सांगत आलात. शेवटपर्यंत बोलत होते म्हणता. मग परत का नाही आले? याच्यातून सुटता आलं नाही, म्हणून."

खरं म्हणजे लेकाने मास्क घातलाच नव्हता.

त्या दिवशी बोगद्याच्या तोंडाशी दोरी धरून म्हातारा स्वतः बसला होता. लेकाच्या हातात मास्क दिसला नाही तेव्हा त्याने विचारलंही होतं. लेक म्हणाला, "दुरुस्तीला टाकलाय, बाबा. कडेचं रबर चिरलंय. आज माउथपीसवर भागवतो." मग तो आत गेला. दोरीला मधूनमधून झटका यायचा, म्हणजे सगळं ठीक. पुढे दोरी सैल पडली. म्हाताऱ्याने हात सोलवटेपर्यंत ओढली. लेक आला तेव्हा माउथपीस त्याच्या छातीवर लोंबत होता. प्राणवायू जास्त झाला की माणसाला आकडी येते, जबडा सुटतो, दातांतलं निसटतं आणि पाणी आत शिरतं. मास्क असला तर शुद्ध हरपलेला माणूसही आत श्वास घेत राहतो. बापाने ओढून आणेपर्यंत लेक कदाचित टिकलाही असता.

घरी आल्यावर सुनेने एवढंच विचारलं होतं, "काही बोलले का?"

जन्मभर थापा मारलेला माणूस तो. तिच्या चेहऱ्याकडे बघून खरं सांगण्याची ताकद त्याच्यात नव्हती. "बोलला की," तो म्हणाला. "मास्क होता ना. म्हणाला, पाणी काचेसारखं आहे. म्हणाला, घरी सांगा, येतोच." मास्क असूनही गेला म्हटलं की दोष कुणाच्याच माथी राहत नाही, असाही एक हिशेब त्यात होता.

सुनेने मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. विचारायची ती नात. तेव्हा ती एवढीशी होती, झोपताना हट्ट धरायची, पप्पा काय बोलले ते सांगा. रोज तेच काय सांगणार? म्हाताऱ्याने लेकाच्या तोंडी थोडं थोडं वाढवलं. लेक बोगद्यात तिची आठवण काढू लागला, मग विनोद करू लागला, पुढे तर गाणं म्हणू लागला, आणि बोगदा मागून साथ धरायचा. पोरगी बापाच्या त्या आवाजावर वाढली. खरा आवाज तिला आठवत नव्हता.

आणि आता तीच थाप तिच्या तोंडावरचा मास्क काढून घेत होती.

"मास्कचा दोष नव्हता गं," म्हातारा म्हणाला. "तिथे एक झडप अचानक मिटली."

"मागे तुम्ही म्हणाला होतात, मोठा मासा आडवा आला."

"माशामुळेच मिटली."

"आणि त्याच्या आधी म्हणाला होतात, छातीत कळ आली. कळसुद्धा माशामुळेच आली का?"

एरवी नात असं म्हणाली की म्हातारा खुशीत येऊन त्या माशाला मिशा लावायचा. आज त्याने मासा तसाच सोडून दिला. खरं सांगावं, तर दोघींच्या हातातून ते शब्द जाणार. सुनेला कळणार की नवरा एक अक्षर न बोलता गेला, आणि वाचू शकला असता तरी गेला. नातीचा बाप, गाणं म्हणणारा तो बाप, या टेबलावर पुन्हा मरणार. खरं न सांगावं, तर उद्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला ही असणार, आणि तिच्या दातांत माउथपीस.

त्याने पट्टा बोटावरून सोडवला, मास्क दोन्ही हातांत उचलला आणि नातीपुढे धरला.

"चिमणे, एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. तू मोठी व्हायची वाट बघत होतो." त्याचा आवाज बसला होता, आणि तो बसवलेला नव्हता. "गाणं संपल्यावर तो जरा थांबला. मग म्हणाला, बाबा, उद्या माझी पोरगी या कामात आली, तर तिला म्हणावं, मास्क घातल्याशिवाय पाण्यात पाय टाकू नकोस. शेवटचं हेच बोलला तो. याच्यासारख्याच मास्कमधून."

नातीचे डोळे भरून आले. तिचा हात मास्ककडे गेला आणि वाटेतच थांबला. काचेतून पलीकडे आजोबांचा चेहरा दिसत होता.

"खरंच म्हणाले असं?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

"तिच्या गळ्याची शपथ घेऊ नका, बाबा," सून म्हणाली.

ती वळली होती. ओले हात तिने पुसले नव्हते, पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

"खोटं आहे हे. ते काही बोलले नाहीत. मास्क त्यांच्याकडे नव्हताच. तो इथे होता, न्हाणीघरात, खुंटीवर."

म्हाताऱ्याने मास्क हळूच टेबलावर ठेवला. "दुरुस्तीला..." एवढंच तो म्हणाला.

"दुरुस्तीला नव्हता टाकला. आतून गाळाचा वास येत होता, म्हणून मी धुवायला घेतला. चांगला स्वच्छ करावा म्हणून आतल्या त्या बारीक झडपासुद्धा काढल्या, आणि मग मला त्या परत बसवता येईनात. सकाळी यांनी पाहिलं, तर पातळ झडप माझ्या नखाने फाटलेली. हे रागावले नाहीत. म्हणाले, असू दे, बाबांना सांगतो दुरुस्तीला टाकलाय, नाहीतर तुला बोलतील." तिने खुर्चीच्या पाठीला धरलं. "संध्याकाळी तुम्ही येऊन म्हणालात, मास्क होता. खोटं बोलताय हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी गप्प बसले. मला ते खोटं हवं होतं, बाबा. इतकी वर्षं मी त्याच्यावर काढली. तिला ते देऊ नका."

मग ती मुलीकडे वळली.

"तुझे पप्पा मास्कमुळे नाही गेले. मास्क नव्हता म्हणून गेले. तो अजून माळ्यावर आहे, हवा तर काढून दाखवते. तू हा घाल, बाळा."