मुंजाबा आरपार दिसला त्याची गोष्ट

हे लिहिणारच नव्हतो. चूक माझी आहे ना यात. पण साहेब जेवायला गेलेत, टाइपरायटर मोकळा आहे, आन् माझ्या पोटात काही राहत नाय.

बिरू माझा दोस्त. चितेगावच्या कारखान्यात तो मशिनीवर, मी हापिसात टायपिस्ट. त्याच्या घरी मेंढरं. त्यामुळं तो कारखान्यात आहे हे देवगाव रंगारीच्या, पोरीकडच्या पाव्हण्यांना खरंच वाटंना. निरोप आला, "पोरगा मशिनीजवळ उभा असलेला फोटो धाडा, मग बोलू." पोरगी त्यानं जत्रेत पाहिलेली. तेव्हापासून बिरू जेवणाचा डबा न खाताच घरी न्यायचा.

शहरात विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद. स्टुडिओंना कुलपं. मी म्हणलं, मी काढतो.

मामाचा जुना कॅमेरा. फ्लॅश नाय, शिकवणारा नाय. दोन रोल वाया घालवून एवढंच कळलं होतं: उजेड कमी असला की शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, आन् तेवढ्यात ना कॅमेरा हलला पाहिजे ना माणूस.

जेवणाच्या सुट्टीत शेडचे दिवे बंद असतात. पत्र्याच्या फटीतून येईल तेवढाच उजेड. कॅमेरा तेलाच्या पिंपावर ठेवला, खाली माझी टोपी. मी पिंपाआड. फोटो काढायला बंदी ना!

"दहा मोजेपर्यंत हलू नको बिऱ्या."

"मेंढरामागं काठीला टेकून दिवस काढलेत. दहाचं काय सांगतो!"

बटण दाबून धरलं. चारपर्यंत मोजलं आन् वॉचमन मुंजाबा आत आला. थेट बिरूशेजारी थांबला.

"काय रं, नवस बोललास का उभ्यानं?"

बिरू हूं नाय का चूं नाय. मुंजाबा डोकं खाजवून नळाकडं गेला. दहा!

बंद उठल्यावर रोल धुतला. बिरू असा आला होता, जणू दगडात कोरलाय. शेजारी मुंजाबा. धुरासारखा. त्याच्या पोटातून मशीन दिसत होती.

मला दिसलं होतं. तरी बिरूला न दाखवता फोटो देवगावला धाडला. माझ्या हातचा पहिला न हललेला फोटो होता, काय करू?

आठ दिवसांत निरोप: पोरीची आजी दगडाबाई म्हणते, पोराला लागीर आहे, शेजारी भूत उभं. सोयरीक नको.

बिरू कॅन्टीनच्या पायरीवर बसून राहिला. शिव्या पण देईना. तेव्हा मी घाबरलो.

रविवारी मी आन् बिरूनं मुंजाबाला वॉचमनच्या ड्रेसवरच देवगावच्या यष्टीत घातलं. तो वाटभर तणतणत होता, "माझा फोटो आन् मीच आरपार? नवा काढून द्यायचा मला!"

दगडाबाईनं फोटो पाहिला, मुंजाबाला पाहिलं, आन् दंडाला करकचून चिमटा घेतला.

"मावशे, हळू की!"

"हाडामासाचा हाय," ती म्हणली. मग बिरूकडं वळली. "एवढा बाप्या कानाशी बोलला, तरी तू हलला नाय?"

"नाय."

"मग टिकंल. हलणारे लई बघितले." सगळे हसले. तेवढ्यात तिनं मला धरलं. "आन् फोटोवाल्या, तुला हे दिसलं नव्हतं व्हय?"

खोटं बोलता आलं असतं.

"दिसलं होतं, आजी."

बिरूनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं कळपात शिरलेल्या लांडग्याकडं पाहतात. परतीच्या यष्टीत माझ्याशेजारी येऊन बसला. मग एकच वाक्य:

"लग्नाचे फोटो कोण काढणार?"

"मीच. भर उन्हात. आन् बिऱ्या, आईशप्पथ, फोटोत काही वाकडं दिसलं तर देवगावच्या आधी तुला दाखवीन."