कटपीसची हजेरी

जेवताना त्याने पाटी पुढे ओढली आणि 'म' लिहिला. लगेच बायकोने मिठाची वाटी सरकवली. त्याने मान हलवली आणि पुढे 'ला' जोडला. "अजून वाढू का? थांबा, गरम आणते," म्हणत ती उठलीसुद्धा. त्याला मीठ नको होतं आणि वाढूनही नको होतं. 'मला हे सगळं आता पुरे झालं' असं त्याला लिहायचं होतं. घरातल्या घाईत ते वाक्य 'मला'च्या पुढे गेलंच नाही. त्याने ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि हात धुवायला गेला.

वाचकहो, बायकोच्या मायेत खोट नव्हती. आजाऱ्याला त्रास नको म्हणून आपण त्याचं वाक्य परस्पर पुरं करतो. तुम्ही करता, मीही करतो. पण हा माणूस कोण होता ते ऐका. एकतीस वर्षं कापडाच्या दुकानात विक्रेता. ठाण उलगडता उलगडता असा बोलायचा की एक शर्टपीस घ्यायला आलेलं गिऱ्हाईक घरभराचे पडदे घेऊन बाहेर पडायचं. मालकाला कुणी ओळखत नव्हतं, याला सगळे ओळखायचे. त्याच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता तो मानेवरच्या छिद्रातून श्वास घ्यायचा, त्यावर सुती रुमाल बांधायचा आणि बोलायचं ते पाटीवर. दुखणं उलटू नये म्हणून दवाखान्यात मशीनखाली झोपून किरणांचे तीस शेक घ्यायचे होते, रोज एक. "मध्ये खंड पाडू नका. पाडलात तर केलेलं पाण्यात जाईल," डॉक्टरांनी बजावलं होतं.

शेकाने मान भाजून निघायची, थुंकीही गिळवायची नाही. ते त्याने सोसलं. सोसवत नव्हतं ते लोकांचं वागणं. शेजारी त्याच्याशी ओरडून बोलायचे, जसे काही कानच गेलेत. दुकानातले जुने सोबती भेटायला आले आणि पाऊण तास एकमेकांशी गप्पा मारून निघून गेले. तो मध्ये पाटी धरून बसला होता. असल्या जगण्याला काय अर्थ आहे, हा विचार त्याच्या मनातून हलेना.

अशाच एका दुपारी टॅबवर त्याला 'टपालघर' सापडलं.

वीसेक वर्षांपूर्वी 'बर्फातलं टपाल' नावाची एक मालिका लागायची. डोंगरातल्या गावांना टपाल पोचवणारी एक बाई आणि नदीवरच्या पुलाचा एक राखणदार, एवढीच माणसं. शेवटच्या भागात बाई वादळात पुलापाशी येते आणि तिथेच मालिका बंद पडली. मग चाहत्यांनीच पुढच्या गोष्टी लिहायला घेतल्या. टपालघर ही त्यांची वेबसाइट. कुणी बाईला पूल ओलांडून दिला, कुणी तिचं राखणदाराशी लग्न लावलं, एकाने तर तिला निवडणुकीला उभी केली होती. प्रत्येक गोष्टीखाली लोक हिरिरीने भांडत होते. आणि हे सगळं लिहून चाललं होतं. बोलणारा असा तिथे कुणीच नव्हता. कित्येक आठवड्यांनी त्याला वाटलं, इथे आपण कुणाच्या मागे नाही.

त्याने 'कटपीस' हे टोपणनाव घेतलं आणि लिहायला बसला. नवव्या शेकापासून सोळाव्यापर्यंत त्याची गोष्ट चालली. मशीनखाली पडल्या पडल्या वाक्यं जुळवायची, घरी येऊन टॅबवर उतरवायची. गोष्ट छोटी होती, एकेचाळीस वाक्यांची. तिच्यात पूल वाहून गेलेला असतो, वादळात हाक पोचत नाही, आणि राखणदार पलीकडच्या काठावरून कंदील हलवून बाईला उताराची वाट दाखवतो. त्या आठ दिवसांत तो दवाखान्यात जायला बायकोच्या आधी तयार असायचा.

गोष्ट पाठवली तेव्हा समोर एक सूचना आली. टपालघराची एक रीत होती. नव्या माणसाने आधी 'हजेरी' द्यायची. मालिकेतली बाई दारोदार जाऊन म्हणायची, "दार उघडा, टपाल आलंय." तेच वाक्य स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवायचं. मग जुने सभासद "आत या, थंडी आहे" असं लिहून स्वागत करणार आणि गोष्ट सगळ्यांना दिसणार.

तुम्ही म्हणाल, त्याने सरळ खरं सांगून टाकायचं. ते त्याच्याने होईना. जगात ही एकच जागा होती जिथे त्याच्या मानेवरचा रुमाल कुणी पाहिला नव्हता. तिथेही कीव मागून शिरायचं का? त्याने टॅब तोंडाशी धरला आणि ओठ हलवले. मानेतून नुसता फुसफुसाट आला. त्याने तोच पाठवला. उत्तर आलं, "फक्त वारा ऐकू येतोय. पुन्हा पाठवा."

दोन दिवस त्याने ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचलं. मग हजेरीचं वाक्य पाटीवर लिहून बायकोपुढे धरलं आणि टॅबकडे बोट केलं.

"हे मी म्हणू? तुमच्याऐवजी?"

त्याने मान डोलावली. तिला कशाचा काही पत्ता लागला नाही. पण नवऱ्याने किती दिवसांनी काहीतरी मागितलं होतं. तिने हात पुसले, घसा खाकरला आणि म्हटलं.

तिथेच घात झाला.

टपालघर चालवणाऱ्याला सगळे 'पोस्टमास्तर' म्हणायचे. त्याचं औषधांचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर बसून तो वेबसाइट सांभाळायचा. वर्षापूर्वी काही भामट्यांनी खोट्या नावाने शिरून सभासदांच्या गोष्टी चोरल्या होत्या, म्हणून त्याने हजेरी सुरू केली. हेतू चांगला होता. पण माणसं पकडता पकडता त्याला पकडण्याचीच चटक लागली होती. नोंदणी पुरुषाची, आधी वारा, आणि आता बाईचा आवाज. त्याच्या दृष्टीने चोर सापडला. त्याने कटपीसचं खातं बंद केलं, नाव 'तोतयांच्या फळ्यावर' चढवलं आणि दोन्ही आवाज सगळ्यांना ऐकायला लावून दिले. मग काय विचारता! "रंग जातोय, माल परत घ्या." "पुरुषाच्या ठाणात बाईचा तुकडा." एका हौशी सभासदाने त्या फुसफुसाटाला ठेका लावून गाणं केलं.

खातं बंद झालं तरी फळा वाचता येत होता. कटपीसने सगळं वाचलं. गाणंही ऐकलं. तो त्याचा श्वास होता, आणि लोक त्यावर ताल धरत होते.

दुसऱ्या दिवशी बायको पिशवी घेऊन तयार झाली तर तो पलंगावरून उठला नाही. उशाशी पाटी उभी केली होती. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शेक बंद.'

"अहो, अठरा झालेत. बाराच राहिले," ती म्हणाली. मग रागावली, मग रडली. त्याने भिंतीकडे तोंड केलं. त्याच्याही पुढच्या दिवशी तसंच. दवाखान्यातून दोनदा फोन आला, तिने काहीतरी कारण सांगून वेळ मारून नेली.

त्याच दुपारी पोस्टमास्तरला खाडाखोडताईंचा फोन आला. या ताईंची उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. टपालघरात त्या पहिल्यापासून होत्या, आणि जुन्या सभासद म्हणून त्यांना रांगेत अडकलेल्या गोष्टीही वाचता यायच्या.

"तो कटपीस फळ्यावरून खाली उतरव," त्या म्हणाल्या.

"ताई, आवाज त्याचा नाहीये. पुरावा आहे माझ्याकडे."

"गोष्ट चोरलेली आहे का?"

"गोष्ट कोण वाचतंय? हजेरीतच नापास झालाय तो."

"मी वाचली. मला आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचाच पगार मिळाला. ही गोष्ट उचललेली नाही. हाक पोचत नाही म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्याने लिहिलीय ती."

"मग स्वतःच्या आवाजात चार शब्द म्हणायला काय झालं होतं?"

"मला माहीत नाही. अडखळत असेल, लाजत असेल, आणखी काही असेल. त्याचं कारण मला नकोच आहे. अरे, आपण लिहिणाऱ्यांची जागा चालवतो आणि आत घेताना परीक्षा घेतो बोलण्याची. हे तुझ्या डोक्यात आलं नाही, माझ्याही आलं नाही. त्या गाण्याला मीपण हसले. गोष्ट नंतर वाचली, त्याची लाज वाटतेय."

"नियम सैल केला तर चोर शिरतील, ताई."

"शिरेल एखादा. गोष्ट चोरीला गेली तर दुसरी लिहू. माणूस दारातून परत गेला तर त्याचं पुढे काय झालं, हेसुद्धा आपल्याला कळत नाही."

पोस्टमास्तरने "बघतो" म्हणून फोन ठेवला. बघणार तो काहीच नव्हता. असे हट्टी आपण सगळेच असतो.

इकडे तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा झोपलेला पाहून बायकोने टॅब उघडला. याला झालंय तरी काय, ते तिला शोधायचं होतं. समोर फळा होता. एके ठिकाणी बोट लागलं आणि तिचाच आवाज तिला ऐकू आला. खाली लोकांचं हसणं. मग ते गाणं. ठेक्यामागचा फुसफुसाट तिने क्षणात ओळखला. तो श्वास चालू आहे ना, हे बघायला ती रोज दहादा उठायची. ती खुर्चीत बसली आणि तक्रारीच्या चौकटीत एका बोटाने लिहू लागली.

"तो बाईचा आवाज माझा आहे. माझ्या नवऱ्याला आवाज नाही, ऑपरेशनमध्ये गेला. तुम्ही ज्याला वारा म्हणता तो त्यांचा श्वास आहे. त्यांनी उपचार सोडलेत. मला तुमची मालिका माहीत नाही. त्यांना आत घ्यायचं नसेल तर नका घेऊ, पण श्वासाला हसू नका."

पोस्टमास्तरने हे काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं. घशाच्या रोग्यांची औषधं तो रोज कागद बघून काढून देत होता. समोरची बाई म्हणत होती, "अहो, गोळ्या देताय ना?" त्याला ऐकूच आलं नाही. तिला गोळ्या देऊन त्याने भर सकाळी शटर ओढलं, आत स्टुलावर बसला आणि कटपीसची गोष्ट पहिल्यांदा वाचली. वाचून तो रडला. आपण काय करून बसलो!

त्याने गाणं काढलं, फळा काढला, हजेरीची अटच काढून टाकली. कटपीसचं खातं पुन्हा सुरू केलं आणि त्याची गोष्ट सगळ्यांसाठी खुली केली. मग सगळ्यांना लिहिलं, "चूक माझी होती. कारण विचारू नका, मी सांगणार नाही. कटपीसची गोष्ट वाचा आणि तिच्यातलं एकेक वाक्य आपल्या आवाजात मला पाठवा." आजाराबद्दल त्याने एक अक्षर लिहिलं नाही. एवढं तरी त्याला सुचलं, हे बरं झालं.

संध्याकाळी टॅबवर निरोप आला. बायकोने तो नवऱ्याच्या उशाशी ठेवला आणि सुरू केला. एका बाईचा आवाज आला, मग सर्दी झालेल्या माणसाचा, मग आणखी एकाचा, त्याच्या मागे बाळ रडत होतं. एकामागून एक चाळीस माणसं त्याची वाक्यं वाचत होती. गाणं करणारा पठ्ठ्या तर आपलं वाक्य तीनदा चुकला. भिंतीकडे तोंड करून झोपलेला माणूस हळूहळू वळला आणि उठून बसला.

शेवटी पोस्टमास्तर बोलला. "मला माफ करा. शेवटचं वाक्य आम्ही वाचलं नाही. ज्यांच्या आवाजाला आम्ही खोटं म्हटलं, त्यांनी ते वाचावं."

कटपीसने गोष्ट उघडली आणि बायकोपुढे धरली. ती अडखळत वाचू लागली, "हाक पोचली नाही तरी... तो पलीकडे उभा आहे, एवढं तिला कळलं." तिने टॅब खाली ठेवला. त्याने पाटी घेतली आणि सावकाश लिहिलं, 'उद्या दवाखान्यात विचार, अजून घेतील का?'

डॉक्टरांनी बोलावलं. तीन दिवस वाया गेले होते, त्यांचा परिणाम काय होईल ते सांगता येणार नाही, असंही म्हणाले. एकोणिसावा शेक झाला. पुढचं मलाही ठाऊक नाही.

वाचकहो, दाराला कडी असावी, याबद्दल माझं भांडण नाही. पण तुमच्या कचेरीत, मंडळात, शाळेत नव्या माणसाला तुम्ही जी अट घालता, ती एकदा हातात घेऊन पाहा. ती कुणाला न बोलता बाहेर ठेवते? ज्याला ती जमत नाही त्याने आधी आपलं दुखणं उघडं करून दाखवावं, असं म्हणणारं दार स्वागताचं नसतं. कटपीसने ते दाखवलं नाही, तर आपण त्याला तोतया ठरवलं. आपण म्हणजे तुम्ही आणि मीसुद्धा, कारण ते गाणं ऐकून आपणही हसलो असतो. म्हणून आधी आत घ्या आणि बसायला जागा द्या. कारण सांगावंसं वाटलं तर माणूस आपणहून सांगेल, नाही सांगितलं तरी बिघडत नाही.