बिडेलिया टियरननचं वर्ष

"जरा खाली सरकव. तिथे असेल 'विधुर'," डॅडी म्हणाले आणि चहाचा कप सांभाळत माझ्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावले. शहाऐंशी वर्षांचा हा माणूस बँकेच्या मशीनवर काडीचा विश्वास ठेवत नाही. पण १९११ची शिरगणती घरबसल्या बघता येते म्हटल्यावर टीव्हीवरची घोड्यांची शर्यत सोडून स्वयंपाकघरात येऊन बसला होता.

काम साधंच होतं. कुटुंबाच्या थडग्यावर नवा दगड बसायचा होता आणि त्यावर डॅडींच्या आजीचं, बिडेलियाचं, मृत्यूचं वर्ष हवं होतं. धाकट्या विनीच्या बाळंतपणात ती गेली, असं घरात सगळे सांगत आले होते. म्हणजे विनीचं वय कळलं की वर्ष कळलं. दगड कोरणारा कॉल्म तेवढ्यासाठी खोळंबला होता.

पान सापडलं. थॅडी टियरनन, शेतकरी; हे डॅडींचे आजोबा. मुलगा पीटर, वय दहा; हे डॅडींचे वडील. मुलगी विनी, वय चार.

"म्हणजे एकोणीसशे सात. लावू कॉल्मला फोन?"

"थांब. आजोबापुढे काय लिहिलंय?"

"विवाहित," मी वाचलं. "चुकून लिहिलं असेल."

"चुकून? अगं, हे कागद न्यायला पोलीस यायचा दारात. माझा आजोबा गावाशी खोटं बोलेल, फादरशी बोलेल, पण पोलिसाच्या हातात जाणारा कागद म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ."

नवरा विवाहित आणि घरात बायको नाही. "इंग्लंडला गेली असेल कामाला," मी म्हटलं.

"एवढ्याशा पोरीला टाकून?" डॅडी खुर्चीत बसले. त्यांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "टेकडीवरचं बघ, ऊना."

टेकडीवरचं म्हणजे जिल्ह्याचं वेड्यांचं इस्पितळ. आमच्याकडे त्याचं नाव कोणी तोंडातून काढत नसे. शिरगणतीतही तिथल्या माणसांची नावं नव्हती, घराण्यांची लाज राखायला नुसती आद्याक्षरं. पानामागून पानं अक्षरांचीच. शेवटी सापडली. बी. टी., स्त्री, वय एकतीस, विवाहित, शेतकऱ्याची बायको. लिहिता-वाचता येतं. आजाराचं कारण, बाळंतपण. दाखल होऊन चार वर्षं.

त्या अक्षरांची, त्या वयाची दुसरी कोणी नव्हती. मी ती ओळ डॅडींना मोठ्यानं वाचून दाखवली.

"माझा बाप दर नोव्हेंबरला मृतांच्या यादीत तिचं नाव पहिलं लिहायचा," डॅडी म्हणाले. "लिहायला शिकला तेव्हापासून. मेलेल्यांसाठी प्रार्थना व्हावी म्हणून ती यादी चर्चच्या वेदीवर ठेवायला द्यायचा. जिवंत बाईसाठी गं."

"त्यांना माहीत नव्हतं, डॅडी."

"नव्हतंच. आमच्या वरच्या शेतातून त्या इस्पितळाचं धुराडं दिसायचं. गवत कापायच्या दिवसांत तो सकाळी उठला की आधी तिकडे बघायचा. धूर खाली वाकला की म्हणायचा, पाऊस येतोय, आज राहू द्या. उभा जन्म बघत होता माणूस तिकडे."

मला रडू आलं. थॅडीचा राग आला. जिवंत बायकोला त्यानं पोटच्या पोरांसाठीही मारून टाकलं होतं. आणि खरं बोलला तो फक्त पोलिसाशी. डॅडी मात्र रडले नाहीत. माझ्या पाठीवर थोपटत राहिले, जणू आजी माझी होती.

तेवढ्यात कॉल्मचाच फोन आला. डॅडींनी तो स्पीकरवर घेतला; फोनवर ते नेहमी ओरडूनच बोलतात.

"मिळालं का वर्ष, मॅलकी?" त्यानं डॅडींना विचारलं.

"नाही मिळालं. जागा मोकळी ठेव."

"ती आहे ना पण त्या थडग्यात?"

"नाही. कुठे आहे ते आम्हाला ठाऊक नाही. तरी तिचं नाव कोर. सगळ्यांत वर."

"मग नुसतं 'बी. टियरनन' घालतो. बिडेलिया लांबलचक आहे, एवढी जागा नाही उरत दगडावर."

डॅडींचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"पूर्ण नाव कोर, कॉल्म," ते म्हणाले. "खाली माझ्यासाठी ठेवलीयेस ना जागा, ती घे."