डावीकडची सीट

सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल, पण आमच्या या गाडीने एकदा आगगाडीला वाट दिली होती. म्हणजे आगगाडी मागून शिट्या मारत होती आणि आम्ही रुळांवरून पुढे. तीन स्टेशनं गेली तरी तिला आम्हाला गाठता येईना. शेवटी मलाच दया आली, मी बाजूला घेतली.

"बाबा, त्यांना सायलेन्सर बघायचाय," गाडी घ्यायला आलेल्या बाईंकडे बघत मुलगी म्हणाली.

गाडी विलायती, दोनच माणसांची, माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. गडद हिरवा रंग, तारांच्या आऱ्यांची चाकं, कापडी टप. भंगारात सापडली तेव्हा बॉनेटखाली कोंबडी अंडी उबवत होती. पिल्लं बाहेर येईपर्यंत मी थांबलो, मग हात लावला. काम चौदा वर्षं चाललं. दिवसभर लोकांच्या गाड्या, संध्याकाळी ही. मुलीची आई चहा घेऊन गॅरेजात यायची आणि त्या उघड्या सांगाड्यालाच विचारायची, "काय गं, कधी नेतेस मला फिरायला?"

आता गॅरेज सोडून मुलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला जायचं होतं. लिफ्टमध्ये मी मावतो, गाडी मावत नाही. म्हणून मुलीने जाहिरात दिली.

तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. पहिल्याला मी सांगितलं, गाडी मंगळवारी डावीकडे वळत नाही. त्याची सासुरवाडी नेमकी डावीकडे. तो घ्यायलाच निघाला. मग ब्रेकबद्दलही सांगावं लागलं.

"गाडी विकायचीय की थापा?" मुलीने त्या दिवशी विचारलं होतं. "हातभर लाकूड, दहा हात ढलपी."

"ढलपीला गिऱ्हाईक जास्त," मी म्हणालो. ती हसली नाही. महिनाअखेर गॅरेजला दुसऱ्याचं कुलूप लागणार होतं.

चौथ्या या बाई. चामड्याच्या पिशव्या शिवून विकायच्या, वय पन्नाशीचं. थापांनी बिचकणाऱ्यांतल्या नव्हत्या. गाडीखाली वाकून पाहिलं, दोन्ही कार्ब्युरेटरवरून बोट फिरवलं, चोक ओढून स्वतःच गाडी सुरू केली. पहिल्याच फटक्यात लागली. गद्दार.

"कोण कोण फिरायचं हिच्यातून?" त्यांनी विचारलं.

"मी आणि हिची आई." मी मुलीकडे बोट दाखवलं. "रविवार चुकला नाही कधी. ती डावीकडे, मी उजवीकडे."

"बाबा," मुलगी म्हणाली.

"डोक्याला पिवळा रुमाल बांधायची. एकदा घाटाच्या वळणावर तो उडाला. चाळीस मैल पुढे जाऊन चहाला थांबलो, तर रुमाल आमच्याआधी येऊन बाकावर बसलेला. चहावाला म्हणाला, 'वहिनी, तुमचा कमी साखरेचा यांनी सांगून ठेवलाय.'"

बाई खळखळून हसल्या. मुलगी पान्यांच्या फळीकडे तोंड करून उभी राहिली.

"आणि बोलायची किती. इंजिनाचा आवाज मला कधी ऐकूच आला नाही. वीसच्या वेगाला म्हणायची, 'सावकाश हो, मला सगळं बघायचंय.'"

बाईंनी उजव्या सीटवर तळवा दाबला. मग डाव्या सीटवर. मग पुन्हा उजव्या.

"काका, या चामड्यावर तुमच्या पाठीच्या सुरकुत्या पडल्यात," त्या म्हणाल्या. "डावीचे टाकेसुद्धा अजून ताणलेले नाहीत."

"हलक्या अंगाची होती," मी म्हणालो. "वाऱ्याने उडेल अशी. म्हणून तर त्या बाजूला पट्टा बसवला."

"मग मीच बसून बघते." दार उघडून त्यांनी एक पाय आत टाकला.

इंजिन सुरूच होतं. मी फडक्याने बॉनेट पुसू लागलो, पुसलेलंच पुन्हा.

मुलगी फळीकडून वळली. "बाबा, ही गाडी पहिल्यांदा सुरू झाली, तेव्हा आईला जाऊन दोन वर्षं झाली होती."

बाईंनी पाय बाहेर घेतला आणि दार हलकेच लावलं, आत कुणी बसलेलं असावं तसं.