एकट्याची कोठडी

धुळा मेंढ्यांमागं वाढलेला माणूस. सांगोल्याच्या माळावर दिवसचे दिवस कुणाशी न बोलता जायचे, त्याचं त्याला काही वाटत नसे. चराईवरून भांडण झालं, त्याच्या काठीनं एकाचं डोकं फुटलं आणि तो सोलापूरच्या तुरुंगात आला.

बराकीत माणसाला माणूस खेटलेलं. शेजारी अक्कलकोटकडचा म्हातारा सिद्धलिंगप्पा. झोपेत कानडीत बडबडायचा, जागेपणी मराठीत चौकशा करायचा. मेंढरं किती, बायको काय करते, कुत्रं हाय का. धुळा उत्तर देत नसे. त्याला जीव नकोसा झाला. शेवटी त्यानं शिवप्पा शिपायाला गाठलं.

"मला येगळं ठेवा की. एकट्याची सवय हाय मला."

"मागं इंग्रजांच्या वक्ताच्या कोठड्या हायत," शिवप्पा म्हणाला. "एकटा पडला की माणूस पस्तावतो, असं त्यांचं म्हणणं. माझा आजा हितंच शिपाई होता. तो म्हणायचा, पस्तावलेलं कोण दिसलं न्हाय, येडं झालेलं लई दिसलं."

धुळानं हट्ट सोडला नाही. वरिष्ठांनी परवानगी दिली.

सुरुवातीला त्याला शांत झोप लागली. मग हळूहळू ध्यानात आलं, माळावर तो एकटा कधी नव्हताच. मेंढरांची बें-बें होती, कुत्रं होतं, लांब कुणाच्या तरी चुलीचा धूर होता. इथं नुसता स्वतःचा श्वास. एका दुपारी तो भिंतीला सांगत बसला होता, "कुत्रं हाय की. काळं हाय. लई गुणाचं." आपलाच आवाज ऐकून तो दचकला आणि दार बडवू लागला.

बराकीत परतला तेव्हा त्याच्या जागेवर दुसरा कुणी झोपला होता. सिद्धलिंगप्पानं काही न विचारता आपली वाकळ गोळा केली आणि भिंतीकडं सरकला.

"बस," एवढंच म्हणाला.

धुळा बसला. मग आपणहून म्हणाला, "बायकोचं नाव केराबाई. आता मेंढरं तीच राखती."

पुढं त्याला जामीन मिळाला. म्हाताऱ्याला भेटायला कधी कुणी येत नसे. म्हणून महिन्याभरानं धुळा एसटीनं सोलापूरला आला. दारावर विचारलं, कैदी तुझा कोण लागतो?

"शेजारी," तो म्हणाला.

जाळीपलीकडं सिद्धलिंगप्पा येऊन उभा राहिला, आणखी वाळलेला. धुळा जाळीजवळ सरकला. मग कालच व्यालेल्या मेंढीपासून त्यानं सुरुवात केली.